फेरफारातून गळणारी बहीण

खातेदार मरण पावला की महाराष्ट्रातील खेड्यात वारस न्यायालयाकडे नव्हे, तलाठ्याकडे वळतात. (त्या पदाचे नाव आता ग्राम महसूल अधिकारी, दप्तर तेच.) १९६६ च्या जमीन महसूल संहितेनुसार तीन महिन्यांत वर्दी द्यावयाची, मग वारसनोंद व फेरफार.

या नोंदीने मालकी सिद्ध होत नाही; ती दिवाणी न्यायालयानेच ठरवावयाची, असे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार बजावले आहे. व्यवहारात मात्र पीककर्जासाठी सातबाऱ्यावरील नावच पाहिले जाते, आणि बहिणीचे नाव गळते ते तेथेच.

२००५ च्या दुरुस्तीने हिंदू कन्येला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः समान हक्क दिला. पूर्वी वाटणी झाली नसल्यास, वडील २००५ आधी वारले असले तरी तो अबाधित आहे, असे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. तरीही माहेर तुटू नये म्हणून विनामोबदला हक्कसोडपत्रावर सही होते, किंवा वारसांच्या यादीत तिचा उल्लेखच नसतो. दाव्याचा खर्च, तालुक्याचे हेलपाटे आणि भावाशी कायमचे वैर यांपुढे एकरभर जमीन तिला महागच पडते.

हितसंबंधितांना नोटीस देण्याची तरतूद संहितेत आहे; पण यादीतच नसलेल्या मुलीला नोटीस कोण पाठविणार? वारसयादी ग्रामसभेत वाचून दाखविण्याची सक्ती केल्यास फेरफार मंजूर होण्यापूर्वी ही गळती निदान उघड तरी होईल.