चौदा दिवसांत पत्ता

जुलै-ऑगस्टात कोंढवा, विमाननगर, लोहगाव या भागांत एजंटाच्या दुचाकीवर मागे बसून खोल्या बघत फिरणारी परदेशी मुलं दिसायला लागतात. सुदान, टांझानिया, येमेन, मॉरिशस अशा देशांतून पुण्यात शिकायला आलेली. सॅकमध्ये पासपोर्ट, व्हिसाच्या झेरॉक्स आणि कॉलेजचं बोनाफाईड. त्यांना घाई असते. १८० दिवसांहून जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाला देशात पोचल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करावी लागते. नोंदणीला पत्ता लागतो, पत्त्याला भाडेकरार लागतो, आणि करारावर सही करायला घरमालक तयार असावा लागतो.

घोडं अडतं ते इथे. शहरातली शेजाराची नाती हा या सदराचा नेहमीचा विषय, म्हणून आज या अडलेल्या जागेबद्दल लिहितो आहे.

आपल्याकडे अकरा महिन्यांचा करार आता घरबसल्या होतो. एजंट यंत्र घेऊन येतो, मालकाचा आणि भाडेकरूचा अंगठा घेतो, दोन-चार दिवसांत नोंदलेला करार हातात पडतो. ही सोय आधारवर चालते. परदेशी माणसाला आधार मिळू शकतं, पण आधीच्या बारा महिन्यांत किमान १८२ दिवस भारतात राहिल्यावर. नव्याने आलेल्या मुलाकडे ते असणारच नाही. मग दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात मालकासह जावं लागतं, आणि एका भाडेकरूसाठी अर्धा दिवस घालवायची बहुतेक मालकांची तयारी नसते. बँकेचंही असंच. परदेशी विद्यार्थ्याला पासपोर्ट आणि प्रवेशपत्रावर एनआरओ खातं उघडता येतं, पण ३० दिवसांत इथला पत्ता कळवावा लागतो. तो नसला की खातं अर्धवट लटकतं. खातं नाही म्हणून यूपीआय नाही, आणि आज पुण्यात वडापावच्या गाडीपासून भाजीच्या टोपलीपर्यंत सगळीकडे क्यूआर कोड लटकलेला. पाचशेची नोट पुढे केली की ‘सुट्टे नाहीत’ हे उत्तर ठरलेलं.

मालकांना विचारलं तर बहुतेक जण कायद्याकडे बोट दाखवतात. ‘फॉरेनर ठेवला की पोलिसांची कटकट’ हे वाक्य मी इतक्या तोंडून ऐकलं आहे की त्याला आता नियमाचं वजन आलं आहे. प्रत्यक्षात घरमालकाचं मुख्य काम एक. परदेशी भाडेकरू राहायला आला की २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन कळवायची. ‘सी फॉर्म’ या नावाने हॉटेलवाले वर्षानुवर्षं हेच करत आले आहेत. एकदा आपली नोंदणी केली की पासपोर्ट आणि व्हिसाचे तपशील भरायचे, संपलं. त्याला पैसे पडत नाहीत. भाडेकरू नगरचा किंवा नांदेडचा असला तरी पोलिसांना माहिती द्यावी लागतेच. १९४६चा परकीय नागरिक कायदा जाऊन २०२५मध्ये नवा कायदा आला, तरी माहिती कळवण्याची ही जबाबदारी कायम आहे. ती टाळणाऱ्याला शिक्षा आहे. परदेशी माणसाला घर देणाऱ्याला कोणतीही शिक्षा नाही.

दुसरी भिंत सोसायटीची. ‘सोसायटीचा ठराव आहे’ असं सांगून सेक्रेटरी हात वर करतात. राज्यातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठी जे आदर्श उपविधी आहेत, त्यांनुसार सदनिका भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही, आगाऊ कळवावं लागतं. हे सेक्रेटरींना माहीत नसतं असं मला वाटत नाही. ठरावाच्या आड जे लपलेलं असतं ते उघड बोलायला जड जातं, एवढंच.

कारण ‘परदेशी नको’ हेही पूर्ण खरं नाही. चाकणच्या कारखान्यात आलेल्या जर्मन अभियंत्याला किंवा रांजणगावच्या कोरियन व्यवस्थापकाला उत्तम सोसायटीत घर मिळतं. करार कंपनीच्या नावाने होतो, भाडं वेळेवर येतं, आणि लिफ्टमध्ये लोक आवर्जून ‘हॅलो’ म्हणतात. आयंगारांच्या योगसंस्थेत शिकायला येणाऱ्या गोऱ्या साधकांना शहराने कित्येक वर्षं प्रेमाने सामावून घेतलं आहे. एजंट फोनवर आवाज खाली आणून ‘आफ्रिकन आहे का?’ असं विचारतो तेव्हा प्रश्न व्हिसाचा नसतो, कातडीच्या रंगाचा असतो. याचं टोक आपण पाहिलेलं आहे. २०१६मध्ये बंगळुरूत एका टांझानियन विद्यार्थिनीवर जमावाने हल्ला केला. तिचा ज्या अपघाताशी संबंध नव्हता त्याचा राग तिच्यावर काढला. पुढच्याच वर्षी ग्रेटर नोएडात नायजेरियन विद्यार्थ्यांना मॉलमध्ये मारहाण झाली. अमली पदार्थांच्या बातमीत एका आरोपीचं राष्ट्रीयत्व छापून आलं की त्या खंडातल्या प्रत्येक मुलाला दार बंद होतं. आपल्या गावच्या एका चोरामुळे आपल्याला अमेरिकेत कुणी खोली नाकारली, तर आपण त्याला काय म्हणू? मराठी घरांतली कितीतरी मुलं आज न्यू जर्सीत, म्युनिकमध्ये, मेलबर्नमध्ये अशीच खोल्या शोधत फिरत आहेत.

या मुलांना इथे काही चांगलं मिळतच नाही असं नाही. खानावळीच्या मावशी त्यांच्यासाठी भाजी कमी तिखट करतात. कोपऱ्यावरचा किराणावाला महिनाअखेरीपर्यंत उधार देतो. रिक्षावाले मीटरवर नेतात, काही नेत नाहीत, ते आपल्यालाही नेत नाहीत. रस्त्यावर पुणं बऱ्यापैकी मोकळं आहे. ते आखडतं जिन्यात.

आणि हे त्या पुण्यात, जिथे अशाच एका मुलाच्या हालांमधून एक मोठी संस्था उभी राहिली. डॉ. शां. ब. मुजुमदार फर्ग्युसनच्या वसतिगृहाचे रेक्टर होते तेव्हा एक मुलगी खिडकीतून एका मुलाला काहीतरी देताना त्यांना दिसली. चौकशी केल्यावर कळलं की मुलगा मॉरिशसचा, काविळीने आजारी, आणि ती त्याला जेवण आणून देत होती. परक्या शहरात त्याची विचारपूस करणारं दुसरं कोणी नव्हतं. १९७१मध्ये सिंबायोसिस सुरू झाली ती परदेशी विद्यार्थ्यांना इथे आपलं माणूस मिळावं म्हणून. त्या रेक्टरांना नियमभंगाचा अहवाल लिहून मोकळं होता आलं असतं. त्यांनी चौकशी केली.

२०१८पासून केंद्र सरकार ‘स्टडी इन इंडिया’ म्हणत परदेशी विद्यार्थ्यांना बोलावतं आहे. विद्यापीठं त्यांच्याकडून जास्तीची फी घेतात. मग विमानतळावरून आलेल्या मुलाला निदान नोंदणी होईपर्यंत वसतिगृहात खाट देणं, सी फॉर्म भरायला मालकाला मदत करणं, दुय्यम निबंधकाकडे कुणाला तरी सोबत धाडणं हे संस्थांचं काम आहे. ते एजंटावर सोडून देणं मला अन्यायाचं वाटतं.

घटनेच्या कलम १४ने समानता ‘नागरिका’ला नव्हे, ‘व्यक्ती’ला दिली आहे, पण ती राज्यसंस्थेला बांधते, फ्लॅटमालकाला नाही. म्हणून हे प्रकरण कोर्टात सुटण्याची वाट बघू नये. सोसायट्यांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायच्या आहेत. तुमच्या सोसायटीत असा ठराव आहे का ते इतिवृत्ताच्या वहीत बघा. असला तर तो रद्द करण्याचा विषय सभेच्या आधी सेक्रेटरींकडे लेखी द्या. आणि तुमचा फ्लॅट रिकामा असेल तर एजंटाला या आठवड्यातच फोन करून सांगा, की परदेशी विद्यार्थी चालेल, कुठल्याही देशाचा.