आधी हंगाम मोजा, मग सल्ला द्या

खामगाव, मलकापूर, नांदुरा ही बुलढाणा जिल्ह्यातली कापसाची गावे. जिनिंगमध्ये कापूस डोक्यावरून वाहणे, निवडणे, यंत्रात भरणे ही कामे वर्षानुवर्षे बायांनी केली. २००० साली केंद्र सरकारने कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू केले. आधुनिकीकरणासाठी मालकांना अनुदान मिळाले. कापूस वाहणारी, आपोआप भरणारी यंत्रे आली. बाईच्या डोक्यावरचे टोपले उतरले आणि तिची मजुरीही गेली.

चाळिशी ओलांडलेल्या या बाईला सल्ले मात्र भरपूर : नवा धंदा निवड, पापड कर, शिवण शीक. यंत्राला अनुदान, बाईला उपदेश! निवडायचे कशाच्या बळावर?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. कपात झालेल्या कामगाराला नवे कौशल्य शिकता यावे, म्हणून मालकाने १५ दिवसांचे वेतन निधीत भरायचे आहे. पण ठेकेदाराच्या वहीत नावच नसेल, तर कपात झाली हे सिद्ध कसे करायचे? भरपाईसाठी तर बारा महिन्यांत २४० दिवस काम हवे. कापसाचा हंगाम साधारण दिवाळी ते चैत्र. वीस हंगाम राबलेली बाई कायद्याला दिसतच नाही.

मैत्रिणींनो, आपली मागणी स्पष्ट हवी. दिवस नव्हे, हंगाम मोजा. प्रत्येकीला हजेरीकार्ड द्या. शिकण्याच्या काळात मजुरी द्या. आणि ज्या यंत्रांनी तिचे काम घेतले, ती चालवायला तिलाच शिकवा. येत्या हंगामात पहिली गाडी रिकामी होण्याआधी आपण जिनिंगच्या फाटकावर असले पाहिजे.