नापास झाली तर लग्न?

दरवर्षी १२ जानेवारीला शेजारच्या सिंदखेड राजाला आपण जिजाऊंचा जयजयकार करतो. फेब्रुवारी उजाडला की देऊळगाव राजातल्या दहावी-बारावीच्या मुली धास्तावतात. दीर्घ श्वास घ्या, पुरेशी झोप घ्या, असा सल्ला त्यांना मिळतो. सल्ला चांगलाच आहे. पण पाणी, भाकऱ्या, धाकटी भावंडं यांतून उरलेल्या वेळात अभ्यास करणाऱ्या मुलीनं झोपायचं कधी?

शिवाय मुलीची भीती केवळ गुणांची नसते. ‘नापास झालीस तर लग्न लावून देऊ’ ही धमकी उशाशी असताना वाचलेलं आठवणार कसं?

तेव्हा उपाय घरातूनच सुरू व्हायला हवा. परीक्षेच्या दिवसांत बापानं, भावानं घरकाम वाटून घ्यावं. निकाल काहीही लागो, शिक्षण थांबणार नाही, हा शब्द तिला आजच द्यावा. राहिलेला विषय पुरवणी परीक्षेत सोडवता येतो; दहावीला दोन विषय राहिले तरी अकरावीत प्रवेश मिळतो. मन फारच खचलं तर १४४१६ आणि अठराच्या आत लग्न ठरलं तर १०९८, हे क्रमांक प्रत्येक मुलीला पाठ हवेत.

मैत्रिणींनो, बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हप्त्यांच्या हिशेबाआधी एवढं बोलूया.