लेकींना न विचारता झालेली नोंद

कोणाचेही म्हणणे ऐकून घेतल्यावाचून त्याच्याविरुद्ध निवाडा देऊ नये, हे तत्त्व आपल्या न्यायव्यवस्थेने इतके शिरोधार्य मानले आहे की, साधे पारपत्र जप्त करतानाही संबंधितास आपली बाजू मांडण्याची संधी मिळालीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1978 साली मनेका गांधी प्रकरणात निःसंदिग्धपणे सांगितले. इंग्रजी कायद्याच्या परिभाषेत ज्याला 'अनहर्ड' म्हणतात तो मनुष्य आमच्या गडहिंग्लज तालुक्यात फेरफाराच्या नोंदवहीआड असतो, आणि बहुधा ती त्या घरची लेक असते.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 150 अन्वये फेरफार धरल्यावर तलाठ्याने त्याची प्रत चावडीत लावावी, अधिकार अभिलेखावरून ज्यांचा हितसंबंध दिसतो त्या सर्वांस लेखी कळवावे, आणि हरकत आल्यास प्रकरण तक्रारी नोंदवहीत चढवून त्याची सुनावणी व्हावी, अशी तजवीज आहे. रचना निर्दोष दिसते. परंतु सारी मेख अभिलेखातच आहे. बाप वारल्यावर भावांची नावे कब्जेदार सदरी लागतात, बहिणींची 'इतर हक्कां'त जातात आणि कित्येकदा कोठेच येत नाहीत. मग जिचे नाव दप्तरात नाही तिला नोटीस जाणार तरी कशी? महाराष्ट्राने 1994 साली आणि केंद्राने 2005 साली मुलीला मुलाच्या बरोबरीने सहदायाद ठरविले, तरी सातबाऱ्याच्या उताऱ्यावर ती अजून पाहुणीच आहे. गिरणगावात हयात घालविलेल्या चाकरमान्यांचीही हीच गत. नोटीस गावच्या पत्त्यावर येते, भावकीतला कोणीतरी ती घेतो आणि हरकतीची मुदत निमूटपणे सरते.

सणाला माहेरी आलेल्या बहिणीपुढे एक कागद ठेवला जातो. "अक्का, हितं तेवढी सही कर, तलाठ्याकडं द्यायचं हाय," एवढेच तिला सांगतात. आणि भावाचा शब्द मोडावयाचा नाही, माहेरची वाट बंद व्हावयाची नाही, म्हणून ती न वाचता सही करते. पुढे तोच कागद तिची संमती म्हणून मिसलीत लागतो. याला ऐकून घेणे म्हणणे हा न्यायाचा अधिक्षेप आहे, असे मी स्पष्ट म्हणतो.

ऑगस्ट 2025 मध्ये कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आणि सहा जिल्ह्यांतील पक्षकारांची मुंबईची पायपीट वाचली, याचा आनंद मोठाच आहे; पण प्रांत कचेरीपासून तेथवर अपिले लढण्याइतका पैसा आणि आयुष्य किती जणींपाशी असते? दाद तेथे मागण्याची पाळीच येऊ नये, यासाठी वारस नोंदीच्या चौकशीत लेकींची नावे व त्यांचे सासरचे पत्ते पोलीस पाटलाकडून पडताळून घ्यावेत, आणि मंडल अधिकाऱ्याने प्रत्येकीचा जबाब भावाच्या अनुपस्थितीत, प्रत्यक्ष वा निदान दूरध्वनीवर घेतल्यावाचून नोंद प्रमाणित करू नये; त्यापायी कामास महिनाभर विलंब लागला तरी तो खुशाल लागू द्यावा.