परमिट कुणाला, केस कुणावर?

आमच्या केरीतून फेरीने नदी ओलांडली की तेरेखोल. तेही गोव्यातच. तिथून रेडीच्या रस्त्याला लागलं की महाराष्ट्र, आणि पाट्या बदलतात: अलीकडे 'बार अँड रेस्टॉरंट', पलीकडे 'परमिट रूम'.

फरक नुसत्या नावाचा नाही. महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. त्याच्या लेखी दारू पिणं गुन्हाच, परमिट असेल तर सूट. गोव्यात वयाची अट २१. पलीकडे बिअरला २१, व्हिस्कीला २५.

आता मित्रांनो, खरं सांगा. परमिट रूममध्ये तुमच्याकडे कुणी कधी परमिट मागितलंय? पण गोव्यात कामाला येणाऱ्या आरोंद्याच्या पोराच्या बॅगेत इथली एक बाटली सापडू दे, लगेच तोच कायदा जागा होतो! हॉटेलात बसायची ऐपत असलेला सुटतो, बॅगवाला अडकतो.

दारू चांगली असं मी म्हणत नाही. तिच्यापायी बुडालेली घरं आपल्या गावांत आहेत. वय तपासा, पिऊन गाडी चालवणाऱ्याला धरा. पण परमिट एकतर सगळ्यांना विचारा, नाहीतर रद्दच करा. माणूस बघून लागू होणारा कायदा आम्हा सीमेवरच्यांना नको.