दुसरा प्रश्न

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, हे या सदराच्या वाचकांना आता पाठ झालं आहे. तिसऱ्या मजल्यावर येणारा माणूस आधी दारात उभा राहून दम घेतो, मग बोलतो. मंगळवारी दुपारी खालच्या मजल्यावरची मुलगी मात्र एका दमात वर आली. हातात पेढ्यांचा पुडा. "काकू, एक्क्याण्णव पॉइंट चाळीस!"

घरात पाहुणे होते. सगळ्यांनी शाब्बास, छान म्हटलं. पेढा तोंडात जातो न जातो तोच एकांनी विचारलं, "आणि तुझ्या त्या मैत्रिणीला गं? क्लासला बरोबर जाता ती?"

"त्र्याण्णव वीस."

"अच्छा."

एवढंच झालं. कुणी तिला वावगं बोललं नाही. पण तिने पुड्याचं झाकण लावलं, दोरा पुन्हा गुंडाळला आणि वरच्या दोन घरांत पेढे न देताच खाली गेली. मघाशी धावत चढलेला जिना ती कठड्याला धरून उतरली. पाचशेपैकी चारशे सत्तावन्न गुण मिळवलेली मुलगी, दोन मिनिटांत नऊ गुणांनी हरलेली.

2025 साली राज्यात दहावीला सुमारे साडेपंधरा लाख नियमित विद्यार्थी बसले, निकाल 94.10 टक्के लागला. शंभर टक्के मिळवणारे 211, त्यांतले 113 एकट्या लातूर विभागातले. 2010 पासून सहापैकी उत्तम पाच विषयांचे गुण धरतात, शिवाय कला आणि क्रीडेचे वाढीव गुण मिळतात, म्हणून शंभराचा आकडा गाठता येतो. गुणवत्ता यादी मंडळाने केव्हाच बंद केली. मुलांची एकमेकांशी तुलना होऊ नये, हाच विचार त्यामागे होता. मंडळाने बंद केलेली यादी आपण घराघरांत तोंडी चालू ठेवली आहे.

कुणी म्हणेल, चांगल्या कॉलेजांत अकरावीच्या जागा मोजक्याच, कट-ऑफ चुकला की हवं ते कॉलेज हुकलं, मग तुलना टळणार कशी? खरं आहे. ती स्पर्धा खरी आहे आणि मुलांना ती आपल्यापेक्षा चांगली कळते. पण प्रवेशाच्या यादीत तिच्या पुढे हजारो अनोळखी मुलं असतील. त्यांच्याबद्दल तिला कुणी विचारत नाही. विचारतात ते त्या एकीबद्दल, जिच्या डब्यातलं ती रोज खाते.

लिऑन फेस्टिंजर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1954 साली हेच मांडलं होतं. स्वतःची कुवत मोजायला फूटपट्टी नसली की माणूस दुसऱ्याकडे बघतो. तेही फार वरच्या किंवा फार खालच्याकडे नाही, साधारण आपल्यासारख्याकडे. आणि मग त्याच्या एक पाऊल पुढे जायची धडपड सुरू होते. आपल्या भाषेला हे फार आधीपासून ठाऊक आहे. परक्याशी होतं ते वैर. एका बांधावरच्यांत होतं, त्याला आपण भाऊबंदकी म्हणतो. त्या शब्दात भाऊही आहे आणि बंधूही.

मला हे पुस्तकातून कळलेलं नाही. मी आणि माझी चुलतबहीण एकाच वर्षी दहावीला होतो, एकाच घरात, एकाच टेबलाशी. दिवाळीपर्यंत आमची इतिहासाची वही एक होती. एक धडा ती लिहायची, एक मी. सहामाहीत तिला माझ्यापेक्षा तीन गुण जास्त पडले. त्या रात्री पंगतीत काकांनी ते दोनदा म्हणून दाखवलं. काका मायाळू होते, त्यांच्या मनात काही नव्हतं. पण दुसऱ्या दिवसापासून माझी रफ वही टेबलाच्या मधोमध उभी राहिली. तिला माझं दिसू नये आणि मला तिचं.

फेब्रुवारीत एका रात्री ती वहीच्या वरून डोकावली. वर्तुळाच्या स्पर्शिकेचं प्रमेय तिला सुटत नव्हतं. "तुला आलंय का गं?" माझ्यासमोर ते पूर्ण सोडवलेलं होतं. आकृती, पक्ष, साध्य, सिद्धता, सगळं. मी त्यावर तळहात ठेवला आणि म्हणाले, "नाही गं, मलाही नाही आलं." तिने बिचारीने विश्वास ठेवला. वर म्हणाली, "मग राहू दे, झोप तू. डोळे लाल झालेत तुझे."

त्या वर्षी गणितात मी तिच्या पुढे होते. त्या गुणांचा मला पुढे कुठेच उपयोग झाला नाही. तिचं ते 'झोप तू' मात्र आजही ऐकू येतं. आम्ही दोघी अजून महिन्यातून दोनदा फोनवर बोलतो. त्या रात्री मी खोटं बोलले, हे मी तिला कधी सांगितलेलं नाही. रविवारी हे सदर ती वाचते, तेव्हा तिला आता कळेल.

म्हणून 'आणि तुझ्या मैत्रिणीला?' हा दुसरा प्रश्न ऐकला की माझ्या पोटात तुटतं. त्या दोन मुली सोमवारी पुन्हा भेटतील. मधे वही उभी राहिलेली असेल का, मला माहीत नाही. राहिली असेल तर ती आपण ठेवलेली आहे.

आणखी एक. 94 टक्क्यांच्या आनंदात नव्वद हजारांहून अधिक मुलांच्या घरी पेढे आले नाहीत. अशा घरी गेलात तर दुसरा प्रश्न राहू द्याच, 'किती पडले?' हा पहिलाही विचारू नका. निकालानंतर पुरवणी परीक्षा असते. आमच्या मागच्या इमारतीतला एक मुलगा गणितात राहिला आहे, तो उद्यापासून संध्याकाळी सहाला माझ्याकडे येणार आहे. वर्तुळापासून सुरुवात करणार आहोत. तुम्हाला जो विषय येत असेल, त्यासाठी असं एखादं मूल तुम्हीही बोलवा.