म्याका नुस्तें जाय

या खेपेला आमच्या घरच्या मांजराबद्दल लिहिते आहे. मांजराचं नाव मनी. घर सुर्ल्याला, डिचोली तालुक्यात. मनी वरवर साधीच. पण तिच्यापायी आमच्या कुटुंबातलं एक माणूस चार महिने गप्प झालं होतं, म्हणून हा प्रपंच.

आमचा गाव खनिजाचा. लहानपणी ट्रक दिवसभर मांडवीच्या धक्क्यांकडे धावत आणि सोप्यावर बसलेलं पांढरं मांजर संध्याकाळपर्यंत तांबडं होई. २०१२ साली गोव्यातल्या खाणी थांबल्या. मधे काही सुरू झाल्या, पण २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं. ट्रक दारात उभे राहिले आणि माणसं बाहेर पडली. मधला भाऊ दुबईला गेला, भाचा पुण्याला. मी लग्न होऊन आधीच मुंबईत. घरी राहिली आई, धाकटा भाऊ, वहिनी आणि मनी.

कुटुंबाचा व्हॉट्सॲप ग्रुप होताच. ‘सुप्रभात’ आणि वाढदिवसाचे केक यापलीकडे त्यात काही नसे. एकदा धाकट्याने मनीचा रिकाम्या ताटलीसमोर बसलेला फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘म्याका नुस्तें जाय.’ म्हणजे ‘म्हाका नुस्तें जाय’, मला मासे हवेत. फक्त मांजराच्या तोंडून. झालं! त्या दिवसापासून ग्रुपवर सगळे मांजर झाले. नियम कुणी केला नाही, पण पाळला सगळ्यांनी: शब्दाच्या सुरुवातीला ‘म’ आला की त्याचा ‘म्या’ करायचा. मी मावशीची ‘म्यावशी’ झाले, मडगावचं ‘म्याडगाव’ झालं. दुबईच्या भावाने रात्री बाराला ‘म्याका घर याद येता’ असं लिहिलं, तेव्हा आम्ही हसलोही आणि रडलोही. सरळ भाषेत तो ते कधी लिहिता ना.

हा खेळ काही आमचा शोध नव्हे. २००७ साली अमेरिकेत एक संकेतस्थळ सुरू झालं, मांजरांच्या फोटोंवर मोडक्या इंग्रजीत मजकूर घालणारं. ‘आय कॅन हॅज चीजबर्गर’ हे तिथल्या एका गुबगुबीत मांजराचं वाक्य जगभर गेलं. हौशी मंडळींनी त्या मांजरी इंग्रजीत बायबलचं भाषांतरसुद्धा करायला घेतलं! त्यातली गंमत अशी, की चुकीचं लिहिण्यालाही व्याकरण होतं. मनाला येईल तसं चुकून चालत नसे. ठरल्याप्रमाणेच चुकावं लागे. बरोबर चुकला तो आपला, बरोबर लिहिलं तो नवखा.

आपल्याकडे ‘च’ची भाषा कोण बोललं नाही? ‘चमी चउद्या चयेते’ असं म्हणत आम्ही मैत्रिणी शाळेत फिरायचो. त्यात गुपित असं काही नसे. बाजूची मुलगी आपल्यात नाही, एवढंच तिला कळवायचं असे. मोठ्यांनीही हे केलं आहे. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिले. ग्रंथ सुरक्षित राहिले खरे, पण पंथाबाहेरच्या मराठी माणसाला स्वतःच्याच भाषेतलं इतकं जुनं गद्य शेकडो वर्षं वाचता आलं नाही. कुंपण घातलं की आतलं राखलं जातं आणि बाहेरचा बाहेरच राहतो. दोन्ही कामं एकच कुंपण करतं.

आमच्या कुंपणाबाहेर राहिली भाच्याची बायको. मुलगी सोलापूरची. लग्न झाल्यावर तिला ग्रुपमध्ये घेतलं. दुसऱ्या दिवशी तिने शुद्ध मराठीत विचारलं, ‘मनी आजारी आहे का? सगळे असं का लिहिताय?’ खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. कुणीतरी लिहिलं, ‘तिका कळचें ना.’ आणि धाकट्याने सवयीने मनीचा फोटो टाकून दिला: ‘म्याका नुस्तें जाय.’

त्यानंतर ती ग्रुपवर एक अक्षर बोलली नाही. वाढदिवसाला अंगठा, सणाला हात जोडलेले. चार महिन्यांनी आईनेच मला फोनवर विचारलं, ‘ती पोर बोलत का नाही गो? तू मावशी ना तिची?’

मी पुण्याला फोन लावला. आधी ‘काही नाही मावशी, कामात असते’ झालं. मग हळूच म्हणाली, ‘म चा म्या होतो हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं हो. पण मी विचारल्यावर लगेच काकांनी लिहिलं, नुस्तं जाय. म्हणजे नुसतं निघून जा, असंच ना?’

मी कपाळाला हात लावला. नुस्तें म्हणजे मासे, जाय म्हणजे हवं. सुर्ल्याला जन्म गेलेल्या माणसाच्या कानाला दुसरा अर्थ ऐकूच येत नाही. सोलापूरच्या कानाला पहिला कसा ऐकू येणार? आमच्या घरात बोलणं कोकणीत. पत्रं, आरत्या, नाटकं मराठीत. १९८७ साली राजभाषेचा कायदा झाला, कोकणी राजभाषा झाली, मराठीलाही सरकारी कामात जागा मिळाली. त्या वादात गावात माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली होती. आम्हाला वाटे, आमच्या घरात तो प्रश्न नाही, आम्हाला दोन्ही येतात. दोन्ही येणाऱ्याला हे कळतच नाही, की एकच येणारा माणूस आपल्या दारात कुठे अडखळतो.

मी तिला अर्थ सांगितला. ती इतका वेळ गप्प राहिली, की फोन तुटला असं मला वाटलं. मग जी हसत सुटली! धाकट्याला मी चांगलं झापलं. त्याने तिला स्वतः फोन केला आणि माफी मागितली, तीही सरळ माणसाच्या भाषेत. काही गोष्टी मांजराच्या तोंडून सांगायच्या नसतात.

आठवड्याने ग्रुपवर एक नवा फोटो आला. सोलापूरच्या माहेरचा बोका, कठड्यावर ऐसपैस. खाली लिहिलं होतं, ‘काय बे म्याने, रोज नुस्तं नुस्तं काय करायलीस? शेंगाचटणी खा.’

आईला फोटो मी फोनवर वाचून दाखवला. ती शाळामास्तरीण होती, ‘म्याने’ ऐकून तिने आधी शुद्धलेखनाची चूक काढली. मग म्हणाली, ‘त्या बोक्याला सांग, चतुर्थीला सुर्ल्याला ये. चटणी घेऊन ये.’

आता आमच्या ग्रुपवर दोन मांजरं बोलतात. नवीन कुणी आलं, की पहिल्याच दिवशी मी त्यांना मनीच्या त्या वाक्याचा अर्थ सांगून टाकते. तुमच्याही घरी अशी एखादी आतली भाषा असेलच. ती जरूर बोला. फक्त नव्या सुनेला, जावयाला ती शिकवायला कोण बसणार, तेवढं आधी ठरवा.